मिटलेल्या डोळ्यांचा प्रवेश

डोळे उघडले तेव्हा ती खुर्ची रिकामी होती. रंगमंचावर जेवणाचं लांबलचक टेबल, त्यावर मेंढीचं भाजलेलं मांस, भोपळा, बटाटे, आणि टेबलाभोवती ते कुजत चाललेलं कुटुंब होतं तसंच बसलेलं. फक्त लेनाची, धाकट्या मुलीची खुर्ची रिकामी. बाप ‘आमेन’ म्हणून सुरीला हात घालत होता. मला आधी वाटलं, ही दिव्यांची काहीतरी करामत असणार. मग खाली बघितलं तर माझे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंफलेले, आणि पेन्सिल घरंगळून कुठेतरी पायाशी गेलेली. नाटकातल्या बापानं ‘चला, प्रार्थना करू’ म्हटलं होतं, आणि अर्धं आयुष्य नाटकांवर लिहून पोट भरणारी मी, रविवारची चर्चची वाटही विसरलेली मी, मान खाली घालून, डोळे मिटून बसले होते. एका नटानं, पगारी नटानं, खोट्या मांसासमोर म्हटलेल्या प्रार्थनेला. नाटकाचा सगळा जीव त्या एका प्रवेशात होता आणि तेवढाच मी पाहिला नव्हता. शेजारच्या बाई रुमालात नाक शिंकरत होत्या, पुढच्या रांगेतले टक्कल पडलेले गृहस्थ मान वर करून मानेमागे चोळत होते. मला तेव्हाही उलगडा झाला नाही, कारण मी माझ्याच लाजेत होते.

नाटकाचं नाव ‘जेवणापूर्वी’. लिहिणारी लीझल रोसो नावाची मुलगी, तिशीही न गाठलेली, तोंडावर तीळ आणि बोलायला फटकळ. तसं नाटकात घडत काहीच नाही. आमच्या फ्री स्टेट प्रांतातलं एक शेत, त्याचे तुकडे एकेक करून विकले जातायत. सीमेवरच्या लढाईतून परतलेला मुलगा सतत तेच बूट पॉलिश करतोय. आई सतत धूळ पुसतेय. आणि छतातून वाळू पडते. पहिल्या प्रवेशात चिमूटभर, मग धारेनं, मग जेवणाच्या ताटांत, आणि ती माणसं वाळूसकट जेवतात, चावण्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो, आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मी किती नाटकं पाहिली असतील! बरीचशी वाईट, काही बरी, दोन-चार चांगली. पण आपल्याच घराच्या खिडकीतून आपल्यालाच बघावं तसं मला कुठल्याही नाटकात वाटलं नव्हतं. त्या मुलीनं आमचं कातडं सोलून टांगून ठेवलं होतं, आणि तेही इतक्या प्रेमानं, की तिच्यावर रागावताही येईना. मध्यंतरात नाट्यगृहाच्या बाहेरच्या दालनात वाइनचे पेले घेऊन सगळे उभे होते. प्राध्यापक डी वॉस माझ्याजवळ आले. हे विद्यापीठात नाटक शिकवतात आणि आमच्या स्पर्धक वर्तमानपत्रात लिहितात. म्हणाले, ‘‘प्रार्थना फारच लांबवलीय, नाही? निम्मी कापायला हवी.’’ मी म्हटलं, ‘‘फारच.’’ घरी जाऊन कच्च्या मजकुरातही मी तेच लिहिलं: प्रार्थना लांबली आहे. खालचा, त्या प्रवेशाबद्दलचा परिच्छेद मात्र कोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी परीक्षणं आली आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसत सुटले. डी वॉस यांनी लिहिलं होतं की प्रार्थनेच्या दरम्यान लेनाचा ‘प्रतीकात्मक मृत्यू’ होतो आणि तो ‘अत्यंत संयत’ दाखवलाय. केपटाऊनहून आलेल्या समीक्षक बाईंनी लिहिलं होतं की आई तिला नजरेनं घराबाहेर काढते. चर्चच्या साप्ताहिकात आमच्या डोमिनींनी, म्हणजे पाद्र्यांनी, लिहिलं होतं की मुलगी प्रार्थनेचा अपमान करून धावत सुटते, आणि अशा नाटकाला शहराच्या सभागृहात जागा नसावी. इंग्रजी वर्तमानपत्राचा माणूस आलाच नव्हता. त्याला वाटतं, आमच्या भाषेतलं नाटक म्हणजे बैलगाडी आणि बायबल. हसता हसता मी थांबले. तीन माणसं, तीन डोळस, शिकलेली माणसं, आणि तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी पाहिल्या होत्या. म्हणजे कुणीच पाहिली नव्हती. अख्खं नाट्यगृह मान खाली घालून बसलं होतं, आणि त्या मुलीला, लीझलला, ते ठाऊक होतं. तिनं ते नाटकात लिहिलंच होतं. आमच्या जातीच्या माणसापुढे कुणीही प्रार्थना सुरू करावी, आमच्या पापण्या आपोआप खाली येतात. तिनं आमच्या पापण्यांनाच भूमिका दिली होती. इतकं साधं आणि इतकं भयंकर काही कुणाला सुचू शकतं, याचाच मला अचंबा वाटत होता.

तेवढ्यात थिनसचा फोन आला. थिनस माझा संपादक. कायम घाईत, आणि घाईत नसला तर आजारी. ‘‘सुझेट, बाई, तुझं परीक्षण कुठाय? सगळ्यांची आली. आम्हीच शेवटचे. सोमवारी सभागृहाच्या समितीची बैठक आहे, डोमिनींनी चार चर्चची सह्यांची पत्रं आणलीत. प्रार्थना कापा, नाहीतर नाटक बंद करा. समितीतले अर्धेजण म्हणतात, सुझेट काय म्हणते बघू.’’ ‘‘मी उद्या दुपारचा प्रयोग बघून लिहिते,’’ मी म्हटलं. ‘‘दुसऱ्यांदा? तू? तुझी तब्येत बरी आहे ना?’’ मी म्हटलं, ‘‘पेन्सिल पडली होती,’’ आणि फोन ठेवला. मग लीझललाच फोन लावला. एका समीक्षकानं नाटककाराला असं विचारणं म्हणजे जरा नाक कापून घेणंच, पण विचारलं. ‘‘त्या प्रवेशात नेमकं काय होतं?’’ ती गोड आवाजात, वडीलधाऱ्या बाईला मावशी म्हणावं तसं ‘टानी’ म्हणत म्हणाली, ‘‘टानी, तुम्ही तर होतात की तिथे.’’ मग ती जरा मऊ होऊन म्हणाली, ‘‘कापायला सांगतायत हो ते. प्रार्थना कापली तर नाटकात राहिलं काय? नुसती वाळू.’’

त्या दिवशी मी कोऱ्या परिच्छेदासमोर बसले, की डोळ्यांसमोर सारखं आमचंच टेबल यायचं. पिवळ्या लाकडाचं, एका पायाखाली कागदाची घडी घातलेलं. आमचे पा चर्चचे वडीलधारे सभासद, मोठ्या हातांचे, बोलायला कंजूष. त्यांची जेवणापूर्वीची प्रार्थना एका वाक्यात आटपायची: देवा, हे दिलंस, आभारी आहोत, आमेन. शेतावरून भुकेला आलेला माणूस, देवालाही ताटकळत ठेवत नसे. तेवढ्या वेळातही मी डोळे किलकिले करायची. मा म्हणायची, ‘‘सुझेट, तुझे डोळे उघडे होते.’’ मी म्हणायची, ‘‘तुला कसं कळलं गं, मा?’’ यावर मला डोक्यात एक टपली मिळायची आणि पा मिशीत हसायचे. फक्त एकाच रविवारी प्रार्थना लांबली. जुलै होता, आमच्याकडचा ऐन हिवाळा, सावलीतलं दंव दुपारपर्यंत वितळलं नव्हतं, आणि माझी थोरली बहीण आल्टा माझ्यासमोर बसली होती, केस घट्ट मागे बांधून. पांनी सुरुवात केली आणि थांबेचनात. पावसासाठी मागितलं, गुरांसाठी मागितलं, आजारी शेजाऱ्यांसाठी, दूरच्या मिशनऱ्यांसाठी, समुद्रावरच्या खलाशांसाठी. पांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मी मनात म्हटलं, आता माशांसाठीही मागणार. तेवढ्यात समोरची खुर्ची फळ्यांवर हलकेच सरकली. पावलं वाजली, मागल्या दाराकडे गेली. मी डोळे उघडले नाहीत. एरवी एका वाक्यात दोनदा उघडणारी मी, त्या दिवशी पापण्या इतक्या घट्ट मिटल्या की आत लाल-हिरवं दिसायला लागलं. आमच्या जाळीच्या दाराची स्प्रिंग एरवी डुकरासारखी किंचाळायची. मी त्या आवाजाची वाट बघत होते, तो आलाच नाही. मग खूप वेळानं, लांब, मातीच्या रस्त्यावर एक गाडी सुरू झाली. पा म्हणाले, ‘‘आमेन.’’ आणि मग, ‘‘मांस गार झालं.’’

आल्टा गेली ती सीमेपलीकडे, शेजारच्या लेसोथो देशात, मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या आयझॅकबरोबर. आयझॅकचा रंग आणि आल्टाचा रंग एका घरात राहू नयेत असा तेव्हा कायदा होता, आणि कायद्याच्या वर आमचं चर्च होतं. संध्याकाळीच तेव्हाचे डोमिनी आणि पोलीस सार्जंट ओसरीवर आले. सार्जंटनं विचारलं, मुलगी कुठल्या रस्त्यानं गेली, गाडी कुणाची, तुम्ही काय पाहिलंत? पा टोपी हातात धरून उभे होते. म्हणाले, ‘‘मी तिला जाताना पाहिलं नाही. माझे डोळे मिटलेले होते.’’ चर्चचा वडीलधारा खोटं बोलणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. ते कॉफी पिऊन गेले. मला ते उत्तर दगडासारखं वाटलं. पोटची पोर गेली आणि हा माणूस हिशोब देतोय की आपली प्रार्थना मोडली नाही. त्यानंतर आमच्या घरात आल्टाचं नाव निघालं नाही. दुसऱ्या दिवशी टोस्टचा डबा अर्धा रिकामा बघून मा पांच्या देखत माझ्यावर अशी कडाडली की बस. मी एकही खाल्ला नव्हता. रडत रडत कबूल केलं, कारण त्या घरात त्या दिवशी काहीतरी कबूल करणंच सोपं होतं. कायदे बदलले, सीमेवरचे पहारे ढिले झाले, आल्टा आणि मी एकमेकींकडे जाऊ लागलो, ती मला जर्दाळूंची पेटी पाठवते, मी तिला पुस्तकं. पण पा गेले तेव्हा ती आली नाही. ‘‘ज्या माणसानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, त्याला मी कशाला बघू?’’ म्हणाली. मला तिचं पटलं होतं. दफनाला मी कोरड्या डोळ्यांनी उभी होते.

शनिवारी मी माला, माझ्या आईला, घेऊन नाटकाला गेले. का नेलं ते नीट सांगता येणार नाही. कदाचित एकटीनं डोळे उघडे ठेवण्याची भीती वाटत असेल. मा वृद्धाश्रमात राहते, पंच्याऐंशी उलटलीय, नाटकांबद्दल तिचं मत असं की खोटं बोलायला इतके दिवे कशाला लागतात. ‘‘काय आहे त्यात?’’ तिनं गाडीत विचारलं. ‘‘एक घर आहे. शेतावरचं.’’ ‘‘मग पैसे कशाला द्यायचे? मी राहिलेय त्यात.’’ ‘‘पैसे वर्तमानपत्र देतं, मा.’’ ‘‘नंतर चहा आहे का?’’ ‘‘आहे. केकसुद्धा.’’ ‘‘मग चल.’’ दारावरच्या मुलानं ‘टानी, इकडून’ म्हणत तिचा दंड धरला तर त्याला म्हणाली, ‘‘धर, पण ओढू नकोस, मी काय बकरी आहे?’’ डोमिनींचं लिखाण वाचून सभागृह तुडुंब भरलं होतं. नाटक पाहायला नको म्हणून सांगणाऱ्याइतकी नाटकाची जाहिरात कुणी करत नाही. मानं पर्स मांडीवर उभी ठेवली, वर दोन्ही हात ठेवले. छतातून पहिली वाळू पडली तेव्हा कुजबुजली, ‘‘झाडू द्या कुणीतरी त्या बाईला.’’ मग गप्प झाली, आणि हळूहळू पुढे वाकली.

‘‘चला, प्रार्थना करू,’’ बाप म्हणाला. मी दातावर दात रोवले. खोटं वाटेल, पण पापण्या मिटू न देणं हे अंगमेहनतीचं काम होतं. मानेचे स्नायू आपणहून खाली ओढत होते, बोटं एकमेकांना शोधत होती. आणि मग मी ते पाहिलं. सबंध सभागृह, खालपासून वरच्या सज्ज्यापर्यंत, वाऱ्यानं गहू लवावा तसं एकदम लवलं. पांढरे केस, टकलं, तरुण मुलांच्या मुंडलेल्या माना, डोमिनींच्या बाजूनं तक्रार करायला आलेल्या बायका, सगळे. मला माझी माणसं इतकी केविलवाणी आणि इतकी सुंदर कधी दिसली नव्हती. तिकडे टेबलावर लेनानं डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले. तिनं एकेकाकडे नीट पाहून घेतलं, जसं आपण घर सोडताना खोल्या बघतो. आपल्या ताटातला पाव उचलून भावाच्या ताटात ठेवला. उठली, रंगमंचाच्या पुढच्या कडेला आली आणि आमच्याकडे बघू लागली, एकेक रांग, सावकाश. बाप प्रार्थना करतच होता, पावसासाठी, आजाऱ्यांसाठी, दूरच्या माणसांसाठी. ती कुणालातरी शोधत होती. धावत नव्हती, मरत नव्हती, कुणी तिला काढत नव्हतं. निघण्यापूर्वी आपल्याला कुणीतरी पाहावं एवढंच तिला हवं होतं, आणि शेकडो माणसं माना खाली घालून बसली होती. तिची नजर माझ्यावरून गेली आणि माझ्या शेजारी थांबली. मी वळून पाहिलं. मा ताठ बसली होती, पर्सवर हात, डोळे टक्क उघडे, सरळ त्या मुलीकडे लावलेले. आणि मानं मान हलवली. एकदाच, किंचित खाली. आम्ही शाळेला निघालो की ओसरीवरून ती अशीच मान हलवायची: जा, सगळं घेतलंयस, जा. लेनाचे खांदे सैलावले. ती वळली आणि मागल्या दारानं निघून गेली. बाप त्यानंतरही थोडा वेळ बोलत राहिला. मग म्हणाला, ‘‘आमेन.’’

चहाच्या टेबलावर मानं केकचा मोठा तुकडा घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘त्या पोरीला निरोप द्यायला कुणी नव्हतं. वाईट दिसतं ते.’’ मी विचारलं, ‘‘मा, तू डोळे मिटले नाहीस?’’ ‘‘मी कधीच मिटत नाही.’’ ‘‘कधीच?’’ ‘‘चार ताटं, गरम भांडी, तू टेबलाखाली लाथा मारणारी. कुणीतरी बघायला नको? तुझे डोळे उघडे आहेत हे मला कसं कळायचं, वाटलं तुला?’’ तिनं चमच्यानं मलई बाजूला सारली. ‘‘म्हणजे आल्टा गेली तेव्हा...’’ ‘‘ती दाराशी थांबली होती. वळून बघत होती. मी मान हलवली, मग गेली.’’ असं म्हणाली जणू दूधवाल्याबद्दल सांगतेय. ‘‘आणि टोस्ट?’’ मी विचारलं. ‘‘टोस्ट काय तू खाल्ले होतेस? पिशवीत बांधून दिले तिला मी आदल्या दिवशी. लांबचा रस्ता. सोमवारी तुझे पा डब्यात डोकावले, मग कुणाला तरी रागवायला नको? बरं झालं तू कबूल केलंस. गुणाची होतीस.’’ मी हसले की रडले ते आठवत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बायका बघू लागल्या एवढं खरं. ‘‘म्हणजे पांना काहीच कळलं नाही,’’ मी म्हटलं. मानं कप खाली ठेवला, बशीत नीट मधोमध. ‘‘टोस्ट मी दिले,’’ ती म्हणाली. ‘‘दाराला तेल मी घातलं नव्हतं.’’

सभोवती कप-बश्यांचा आवाज चालू होता. मी माच्या हातांकडे बघत राहिले. ‘‘तू विचारलं नाहीस त्यांना?’’ ‘‘काय विचारायचं? विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं, आणि मग सार्जंटलाही सांगावं लागलं असतं. खोटं बोलता यायचं नाही त्यांना, माहीत आहे ना तुला. म्हणून डोळे मिटून बसले. गाडी सुरू झाल्याचं ऐकू येईपर्यंत मागत राहिले बिचारे. जन्मात कधी इतकं मागितलं नव्हतं.’’ मग म्हणाली, ‘‘मांस मात्र खरंच गार झालं होतं.’’ आणि माझ्या ताटलीतला केक ओढून घेतला, कारण मी खात नव्हते.

माला वृद्धाश्रमात सोडून घरी आले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होतं. कोट न काढताच बसले. कच्च्या मजकुरातलं ‘प्रार्थना लांबली आहे’ हे वाक्य खोडलं. कोऱ्या परिच्छेदात लिहिलं की पहिल्या प्रयोगाला या प्रवेशात माझे डोळे मिटलेले होते, तुमचेही होते, तीनही परीक्षकांचे होते, आणि हे नाटक आजवर फक्त एका म्हाताऱ्या बाईनं पाहिलंय. लिहिलं की आपण या बापाला ढोंगी म्हणतोय, पण तो किती वेळ मागतोय ते ऐका, आणि कशासाठी थांबत नाही ते विचारा. त्यातला एकही शब्द कापू नका. उद्या डी वॉस माझी टिंगल करतील, थिनस डोकं धरेल, डोमिनी आणखी एक पत्र लिहितील, करोत. मजकूर पाठवला आणि मासेरूला, आल्टाच्या घरी, फोन लावला.

आल्टानंच उचलला. मागे भांड्यांचा आवाज. ‘‘काय गं, जर्दाळू संपले?’’ ‘‘आल्टा,’’ मी म्हटलं, ‘‘तू निघालीस तेव्हा पांची प्रार्थना कुठपर्यंत आली होती, आठवतंय?’’ भांडी थांबली. ‘‘खलाशांपर्यंत,’’ ती कोरडेपणानं म्हणाली. ‘‘पोरगी घर सोडतेय आणि त्या माणसाला खलाशी सुचतायत. अजून ऐकू येतं मला.’’ ‘‘पुढचं तू ऐकलं नाहीस,’’ मी म्हटलं. ‘‘मी ऐकलंय. मी तिथेच होते, मला पाठ आहे, कशी काय पाठ आहे कुणास ठाऊक.’’ मी डोळे मिटले. पांचा आवाज तसाच होता, खरखरीत, शब्दाशब्दाला अडखळणारा. ‘‘आणि देवा, आज जे रस्त्यावर आहेत त्यांना सांभाळ. त्यांना थंडी लागू देऊ नकोस. नाक्यावर कुणी अडवू नये त्यांना. आणि आम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाही, याबद्दल त्यांनी आम्हाला क्षमा करावी.’’

मी थांबले. आल्टा ‘आमेन’ म्हणेपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.